आरएक्सचा पाइप आणि चोर्ल्याचा उतार

मावसभावाचा फोन आला तेव्हा मी अंगणात फतकल मारून कार्बोरेटरची वाटी पुसत होतो. जानेवारी २०२४ ची गोष्ट. तो कॅनडात, ओंटॅरिओच्या उत्तर भागात, बाहेर उणे बावीस. मी बेळगावच्या शहापुरात, भर दुपारी बनियनवर. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो म्हणाला, "एक जुनी स्नोमोबिल घेतलीय बघ, बर्फावर पळणारी गाडी. टू स्ट्रोक. इथली पोरं म्हणतात, कंपनीचा सायलेन्सर काढ आणि बाहेरचा टाक. टाकू काय?"

मला हसूच फुटलं. माझ्यासमोर वर्तमानपत्रावर आप्पांची आरएक्स हंड्रेड अर्धी सोलून पडली होती आणि गेला महिनाभर माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं.

आप्पांनी ही गाडी १९९४ साली घेतली. यामाहाची आरएक्स हंड्रेड आपल्याकडं १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे आमची तशी शेवटच्या काळातली. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे वाचून कुणी ढुंकून बघणार नाही, पण ज्यानं ती एकदा तिसऱ्यात पिरगळलीय त्याला काही सांगावं लागत नाही. आप्पा टाकीवर सुताची बाचकी ठेवून वडगावच्या मागांपर्यंत दिवसाला चार खेपा मारायचे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आई चहाचं आधण ठेवायची. आवाजावरून.

गेल्या दोनेक वर्षांत तिची ओढ गेली होती. कपिलेश्वरच्या पुलावर, जिथं ती पूर्वी तिसऱ्यात सरळ चढायची, तिथं दुसरा टाकावा लागायचा. पेट्रोल जास्त खायची. फुल्ल थ्रॉटल दिला तरी नाकात सुतळी अडकल्यासारखी घुसमटायची. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, क्लच प्लेटा बदलल्या. टिळकवाडीकडं एक तरुण मेकॅनिक आहे, जुन्या यामाहांसाठी त्याच्याकडं कोल्हापूरपासून पोरं येतात. त्यानं एक चक्कर मारून निकाल दिला, "दादा, इंजिन ठणठणीत आहे. पाइप टाका. गाडी नव्यासारखी नाही, नव्यापेक्षा भारी होतीय."

पाइप म्हणजे एक्स्पान्शन चेंबर. आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे.

फोर स्ट्रोकला व्हॉल्व्ह असतात, दारं उघडतात, दारं मिटतात. टू स्ट्रोकला तसं दार नाही. सिलेंडरच्या भिंतीलाच भोकं, पिस्टन खाली सरकला की उघडतात, वर आला की झाकतात. त्यामुळं जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं, आणि त्यातलं थोडं धुराच्या मागं लागून फुकट बाहेर सटकतं. खानापूरच्या बसचं दार आठवा. उतरणाऱ्यांच्या रेट्याबरोबर दोन-चार पुढं जाणारी माणसंही खाली ढकलली जातात. चांगला कंडक्टर काय करतो? आधी उतरणाऱ्यांना हात धरून भराभर खाली ओढतो, आणि दार मिटायच्या आत चुकून उतरलेल्यांना पाठीत हात घालून परत आत कोंबतो. एक्स्पान्शन चेंबर हा तो कंडक्टर. पाइपचा पुढचा भाग हळूहळू रुंद होत जातो, तिथून दाबाची लाट उलटी होऊन परत येते आणि सिलेंडरमधला धूर ओढून घेते. मागचा भाग निमुळता होतो, तिथून दुसरी लाट फिरते आणि बाहेर पडलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. शेवटी एक बारीक नळी. एकही हलता भाग नाही, सगळा खेळ पत्र्याच्या आकाराचा.

पण या कंडक्टरची एक खोड आहे. तो ठरलेल्या वेळीच कामावर असतो. लाटेला जायला-यायला लागणारा वेळ आणि पिस्टनचा वेग जिथं जुळतो तेवढ्याच आरपीएममध्ये तो काम करतो. त्याच्या खाली तो नुसता पायरीवर उभा, कधी कधी चढणाऱ्यांच्याच वाटेत. हे मला त्या मेकॅनिकनंही सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. मी ऐकलं ते फक्त "भारी होतीय".

मावसभावाला हे सगळं माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त. स्नोमोबिलला ट्यून केलेला पाइप कंपनीच लावून देते, तो म्हणाला. पोरं बदलतात तो त्याच्या टोकाचा डबा. काही किलो वजन कमी होतं, ताकद वाढलीच तर चिमूटभर, आणि आवाज मात्र बक्कळ. तिकडं १९७५ च्या फेब्रुवारीपासून बनलेल्या स्नोमोबिलला कारखान्यातून निघताना मर्यादा असते: पूर्ण थ्रॉटलला पन्नास फुटांवर ७८ डेसिबल. डबा बदलला की ते गणित गेलं. "आणि आमच्या ट्रेल लोकांच्या शेतातून, रानातून जातात बघ," तो म्हणाला. "शेतकऱ्यानं परवानगी दिलीय म्हणून जायचं. रात्री अकराला घरामागून कुणी बोंबलत गेलं की दुसऱ्या दिवशी तो फाटक लावतो. मग सगळ्यांचीच वाट बंद."

बांधावरून वाट देणं आणि बंद करणं आम्हाला काही नवीन नाही. येळ्ळूरपासून उचगावपर्यंत निम्म्या भांडणांचं मूळ तेच.

फोन ठेवताना त्यानं आणखी एक सांगितलं. "पाइप बदललास तर जेट बघ, कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक. आणि थंड हवेत गाडी लीन होते, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, ते विसरू नको. इथं कडाक्याच्या थंडीत जुन्या कार्बोरेटरवाल्यांचे पिस्टन चिकटतात ते त्यामुळंच." मी म्हटलं, "बेळगावात थंडी म्हणजे मफलर बे. आमचा पिस्टन कशाला चिकटतोय?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

पाइप मी बाहेरून मागवला नाही. उद्यमबागेत ओळखीचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. बेळगावात ओतकाम आणि लेथकाम एवढं आहे की कुठलाही लोखंडी तुकडा दाखवला तर कुणी ना कुणी "सोमवारी या" म्हणतोच. मेकॅनिकनं मापं काढून दिली होती. शेडवाल्यानं आधी ती पुठ्ठ्यावर उतरवली, पंख्याच्या आकाराचे सहा तुकडे कापले, ते वळवून एकमेकांत बसतात का बघितलं, आणि मगच एक मिलिमीटरच्या सीआर पत्र्याला कात्री लावली. शंकू वळवायला त्याच्याकडं मशीन नव्हतं. बाकात धरलेल्या एका जुन्या एक्सलवर पत्रा टेकवून तो हातोडीनं ठोकत होता, एका ठोक्याला केसाएवढं वळण. तासभर. पाणी प्यायलाही थांबला नाही, कारण मध्ये सोडलं तर पत्रा परत उलगडतो म्हणे. मग गॅस वेल्डिंग. जोड जिथं आत उतरला तिथं तो कानशीनं घासून सपाट करायचा. मी विचारलं, आतून कोण बघणार आहे? तर म्हणाला, "धूर बघतोय की."

या आकाराच्या मागं केवढी पळापळ आहे ते मी नंतर वाचलं. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेडच्या कारखान्यात वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरनं लाटांचं हे गणित शर्यतीच्या गाड्यांवर पक्कं केलं. १९६१ मध्ये त्याच्याच संघाचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेला पळाला, आणि ती विद्या सुझुकीकडं पोचली. पुढच्याच वर्षी डेगनरनं सुझुकीवर ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. आमच्या शेडवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग मजुरी वाढवायला पाहिजे."

पाइप, ब्रॅकेट, काळा उष्णतारोधक रंग, सगळं मिळून साडेचार हजार झाले. जुना सायलेन्सर काढताना एक गंमत घडली. मेकॅनिक म्हणाला, आधी याची पुंगळी काढून बघू, म्हणजे मागच्या टोकातली आतली नळी. गल्लीतली पोरं आवाजासाठी काढतात तीच. पण तिचा स्क्रू गंजून एकजीव झाला होता. दोनदा पान्हा घसरला, तिसऱ्यांदा स्क्रूचं डोकं झिजलं. "जाऊ दे, टाकायचाच आहे," म्हणून त्यानं तो बाजूला ठेवला आणि मी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. तो स्क्रू त्या दिवशी निघाला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

पाइप बसला. मेकॅनिकनं मिकुनी कार्बोरेटरचा मेन जेट दोन नंबर वरचा टाकला. धूर मोकळा झाला की इंजिन हवा जास्त ओढतं, तेवढं पेट्रोलही वाढवावं लागतं, नाहीतर मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो. मग वेंगुर्ला रोडवर सुळगा सोडून बाचीच्या अंगाला प्लग बघायला गेलो. फुल्ल थ्रॉटल, एकदम किल स्विच, क्लच दाबून कडेला, प्लग काढायचा. पोर्सिलीन पांढरं दिसलं तर पेट्रोल कमी, काळं ओलं तर जास्त. आमचं आलं फिकट तपकिरी, दूध जास्त घातलेल्या चहासारखं. मेकॅनिक खूश. ऊन मी म्हणत होतं, दुपारचे अडीच वाजले होते.

आणि आवाज! खाली नुसती कुरकुर, पण साडेपाच-सहा हजारांच्या पुढं पातेल्यात वाळू ओतल्यासारखा फर्र आवाज उठायचा आणि गाडी मागून कुणी लाथ घातल्यासारखी सुटायची. खोटं कशाला बोलू, हनुवटी वर करून हसत होतो मी हेल्मेटच्या आत. शिनोळीपर्यंत जाऊन आलो. महाराष्ट्राची सीमा ओलांडली की काय, याचंही भान नव्हतं.

घरी आलो तर चहा ठेवलेला नव्हता. आई म्हणाली, "तू होतास होय? मला वाटलं कोण टवाळ पोर आलंय."

आप्पा कट्ट्यावर होते. एवढंच म्हणाले, "ही आपली न्हवं."

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी कळल्या. एक, खडेबाजारात संध्याकाळी ही गाडी चालवणं म्हणजे शिक्षा. पहिल्या-दुसऱ्यात, कमी आरपीएमला, ती आधीपेक्षाही मेलेली. गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर रिक्षावाल्यानं सहज मागं टाकलं, आणि माझा आवाज मात्र रॉकेटचा. दुसरी, आमची गल्ली. शहापूर-वडगावची माणसं पॉवरलूमच्या खडखडाटात झोपतात. माग थांबले तर जाग येते अशी गंमत आहे. अशा गल्लीत सकाळी सहाला मी गाडी चालू केली आणि समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. भांडल्या नाहीत. "बाळंतीण आहे रे घरात," एवढंच. मागाचा आवाज भिंतीसारखा असतो, तसाच्या तसा उभा. माझा आवाज दगड भिरकावल्यासारखा यायचा. तेव्हापासून कोपऱ्यापर्यंत गाडी ढकलत न्यायला लागलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, शंभर किलोची गाडी, बाळंतिणीच्या दारावरून चोरासारखा.

तिसरी गोष्ट गोवावेसला झाली. हवालदारानं हात केला. "कागद तोरसरी." कागद चोख होते. मग तो गाडीभोवती एक फेरी मारून पाइपापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "सौंड भाळ ऐतरी." म्हणजे आवाज लई आहे. मी माझ्या मोडक्या कन्नडात जुन्या गाडीचं कौतुक सांगायचा प्रयत्न केला. त्यालाही आरएक्स आवडत होती, ते दिसत होतं. त्याच्या भावाकडं होती म्हणे. पावती फाडायची ती फाडलीच. ओरिजिनल बसवा, म्हणाला, नाहीतर पुढच्या वेळी गाडीच ठेवून घेऊ. कर्नाटकातल्या शहरांमध्ये जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडून त्यावर रोडरोलर फिरवतानाचे फोटो पेपरात येतात. माझा तासभर ठोकलेला पत्रा त्या ओळीत मला दिसायला लागला.

नियम वाचला तर मजाच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२० वा नियम म्हणतो की प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारं साधन हवं, आणि ते आवाज कमी करणार कशानं, तर एक्स्पान्शन चेंबरनं किंवा अन्य रीतीनं. शब्द तोच! पण कायद्याचा चेंबर धुराला मोकळं करून शांत करणारा, माझा चेंबर लाटा उठवणारा. शब्दावर वाद घालून सुटायचा विचार मनात आला होता. मग पुढचं वाचलं. आवाजाचे किंवा प्रदूषणाचे नियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका खटल्यात सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रूपापासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. वाद तिथंच मिटला.

तरीही मी पाइप काढला नाही. साडेचार हजार घातले होते, आणि तो सहा हजारांच्या पुढचा फर्र आवाज. म्हटलं शहरात नको, लांबच्या वाटेवर तरी एकदा मनसोक्त.

फेब्रुवारीतला रविवार, पहाटे साडेपाच. जांबोटीपर्यंत धुकं. कणकुंबीला चहा घेतला. मलप्रभेचा उगम तिथलाच, पण त्या अंधारात नुसतं देवळाचं दिवं दिसत होतं. मग चोर्ला घाटाचा उतार. एका बाजूला रान, दुसरीकडं दरी, रस्त्यावर ओल. मी गिअरमध्येच, थ्रॉटल बंद करून, इंजिनच्या ब्रेकवर गाडी सोडून दिली होती. पाइप खाली उतरताना पट पट पट असा फुटायचा आणि दरीतून परत यायचा. लई भारी वाटत होतं.

खाली गोव्यातल्या केरीत उतरल्यावर सपाट रस्ता लागला. गार, जड हवा. साखळीच्या दिशेला रस्ता मोकळा बघून चौथ्यात फुल्ल पिळला. गाडी अशी कधी पळाली नव्हती. आवाज इतका स्वच्छ, इतका कोरडा. आता कळतं की तो कोरडेपणाच धोक्याचा होता. किलोमीटरभर गेलो असेन. आवाज एकदम बारीक झाला, घशात काटा अडकल्यासारखा, आणि मागून कुणीतरी शेपूट धरून ओढावं तशी गाडी आखडली. मागचं चाक घसटलं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून वाचलो. कडेला काजूच्या झाडाखाली थांबलो तेव्हा सगळीकडं शांत होतं, फक्त पाइप टिक टिक करत निवत होता. किक मारली. पाय दगडावर पडल्यासारखा थटला.

अर्ध्या तासानं किक हलली, पण आतून खरखर. चालवण्यात अर्थ नव्हता.

घरी आणली ती भाजीच्या पिकअपनं. गोव्याला भाजी बेळगावची जाते, रात्री भरून निघतात आणि सकाळी रिकाम्या परततात. एकानं सातशे रुपयांत आरएक्स चढवली. रिकाम्या क्रेट्सना टेकवून, दोरीनं बांधून. मी मागंच बसलो, गाडीला धरून. खाली कोथिंबिरीचा पाला, वर कोबीची फुटकी पानं, आणि त्यात टू स्ट्रोक ऑइलचा वास. चोर्ला चढताना जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात मावसभावाचं वाक्य मला शब्द न् शब्द आठवलं.

यावेळी गाडी तरुण मेकॅनिककडं नेली नाही. त्याची चूक नव्हती, पण मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आप्पांच्या ओळखीचे वडगावातले जुने मेस्त्री, सत्तरीचे, आता फक्त ओळखीच्यांचंच काम करतात. त्यांनी हेड काढलं, ब्लॉक उचलला आणि पिस्टन उन्हात धरून माझ्या हातात दिला. धुराच्या भोकाच्या बाजूला उभे ओरखडे, मांजरानं दार खाजवावं तसे. बाकी तीन बाजू स्वच्छ. ब्लॉकच्या भिंतीला अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत लेप.

"कुठं चिकटली?"

"केरीत, मामा. घाट उतरल्यावर."

"जेट कुठं लावला होतास?"

"बाचीला."

"दुपारी?"

मी मान हलवली. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, बिडी काढली. मग त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, आणि ते मी माझ्या शब्दांत लिहितो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथली हवा केरीतल्यापेक्षा दाबाच्या हिशेबानं आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. शिवाय आम्ही जेट बघितला भर उन्हात, तापलेल्या, अजून विरळ हवेत. मी गाडी पिळली ती पहाटेच्या गार हवेत, घाटाच्या पायथ्याला. दोन्ही फरक एकाच दिशेचे. हवा दाट झाली, पेट्रोलचं भोक तेवढंच राहिलं, मिश्रण पातळ, पिस्टन तापला, फुगला. कंपनीच्या सायलेन्सरबरोबर कंपनीनं जेटही असा दिलेला असतो की थोडं पेट्रोल जास्त जळालं तरी चालेल पण घाट चढू-उतरू दे. आम्ही तो सैलपणा काढून गाडी अगदी काठावर आणून ठेवली होती, बाचीच्या दुपारच्या काठावर.

आणि वरून उताराचं पाप. आरएक्सला ऑइलचा पंप वेगळा असतो, त्याची केबल थ्रॉटलला जोडलेली. थ्रॉटल बंद तर ऑइलही नावाला. घाटभर मी इंजिन फिरवत ठेवलं आणि पाजलं काहीच नाही. "उतारावर मधनं मधनं थोडा थोडा थ्रॉटल देत जायचं," मेस्त्री म्हणाले. "तुझे आप्पा आंबोली उतरताना द्यायचे. विचार त्यांना." आप्पांना विचारायची हिंमत झाली नाही.

रिबोअर, म्हणजे सिलेंडर आतून थोडा कोरून घेणं, त्याला बसणारा पहिल्या ओव्हरसाइजचा पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पॅकिंग. तीन हजार आठशे. मजुरी त्यांनी घेतली नाही, म्हणून कुंद्याचा डबा नेऊन दिला, तर साखर झालीय म्हणून तो त्यांनी नातवाच्या हातात दिला.

गाडी जुळवताना त्यांनी विचारलं, "जुना सायलेन्सर टाकलास काय?"

माळ्यावरून आणून दिला. त्यांनी तो एका हातात तोलला, बोटाच्या पेरानं टकटक केलं. ठप्प असा आवाज आला, भरलेल्या मडक्यासारखा. मग त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही.

स्क्रू त्यांनी ड्रिलनं काढला. पुंगळी बाहेर येईना. गरम करून, पिळून, शेवटी पकडीनं खेचली तेव्हा ती काळ्या चिखलाच्या सोबत निघाली, उसाच्या चरकातून चिपाड निघावं तशी. तिची भोकं होती कुठं ते शोधावं लागलं. तीस वर्षांचं जळकं ऑइल दगड होऊन बसलेलं, आणि धूर जायला उरली होती करंगळीएवढी वाट. रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवला, सकाळी ओतला तर घमेलंभर काळं पाणी. उरलेलं जाळून काढलं. परसात तीन विटांवर सायलेन्सर ठेवला, तोंडाशी नारळाच्या करवंट्या पेटवल्या. एकदा आतलं पेटलं की ते आपणच जळत जातं. दुसऱ्या टोकानं आधी पांढरा, मग पिवळट धूर, आणि तासाभरानं बारीक निळी ज्योत. मेस्त्री तिच्यावर बिडी पेटवायला वाकले आणि सुनेनं आतून आवाज दिला म्हणून सरळ झाले. निवल्यावर लाकडानं ठोकला तर खपल्या पडतच राहिल्या. शेवटी टकटक केली. टण्ण.

घुसमट होती ती एवढीच. म्हणजे मी नळ तुंबला म्हणून नवी विहीर खणली होती.

रनिंग-इन झाल्यावर, म्हणजे नवा पिस्टन हळू चालवून रुळल्यावर, मूळ जेट, मूळ सायलेन्सर लावून राजहंसगडावर गेलो. २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा झाल्यापासून तिथं रविवारी गर्दी असते, म्हणून मधल्या वारी, सकाळी. येळ्ळूरच्या शेवटच्या घरापासून वरच्या पार्किंगपर्यंत मोबाइलवर वेळ लावली. पाइप लावलेला असताना याच चढाला मला ४ मिनिटं २० सेकंद लागले होते, आणि तेव्हा वाटलं होतं की विमान चालवतोय. आता, गाडी काही बोलत नव्हती, फक्त तो जुना कुरकुरीत आवाज, आणि लागले ४ मिनिटं ६ सेकंद. विश्वास बसला नाही म्हणून खाली येऊन परत चढलो. ४ मिनिटं ८. वळणावळणाच्या चढाला दर खेपेला दुसऱ्यावर यावं लागतं, आणि तिथं पाइपचा कंडक्टर कामावर नसतोच. सरळ सपाट रस्त्यावर पाइप जिंकला असता, यात शंका नाही. पण माझ्या वाटेवर सपाट रस्ता कुठाय?

सप्टेंबरमध्ये आरसी रिन्यू करायची होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावी लागते. आरटीओत इन्स्पेक्टरनं चासी नंबर बघितला, हॉर्न वाजवायला लावला, गाडी चालू करायला सांगितली, ऐकली आणि सही केली. माझ्या पुढं एक पोरगा होता बुलेट घेऊन, त्याला परत पाठवलं. सायलेन्सर बदलून या.

मावसभावाला केरीची हकीकत सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला. मफलरचं वाक्य त्यानं तीनदा परत ऐकवलं. त्यानं डबा बदलला नाही. त्याच्या ट्रेलवरच्या एका शेतकऱ्यानं हिवाळ्याच्या मध्यातच फाटक लावलं होतं, आणि आता वीस किलोमीटरचा वळसा पडतो म्हणत होता.

पाइप कित्येक महिने भिंतीला टांगलेला होता. रंग उडाला तरी वेल्डिंग अजून बघत राहावं असं. दिवाळीनंतर एक पोरगा आला, केए-२३ ची आरएक्स, निपाणीकडचा. मातीच्या ट्रॅकवर पळवतो म्हणाला. दोन हजारांत दिला. बरोबर त्या पाइपचा मोठा जेट पुडीत बांधून दिला, आणि सांगितलं की प्लग सकाळी बघ, जिथं पळवणार तिथंच बघ, नुसता दुपारी बघून खूश होऊ नको. तो "होय, होय" म्हणत होता. मग त्यानं पाइप दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या बारीक नळीला तोंड लावून आत फुंकून बघितलं.